गावठाण स्वच्छ, शिवाराचं काय?

२ ऑक्टोबर २०१८ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, ग्रामीण भागाच्या स्वच्छ सर्वेक्षणाचा निकाल दिल्लीत जाहीर झाला आणि सातारा जिल्हा देशात पहिला आला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. गावोगावचे ग्रामसेवक, अंगणवाडीताई, बचत गटांतल्या बाया आणि प्रसंगी पदरमोड करणारे सरपंच यांच्या कित्येक वर्षांच्या राबणुकीचं ते फळ होतं. पाहणी ऑगस्टमध्ये झाली होती. शाळा, अंगणवाड्या, आरोग्य केंद्रं, आठवडे बाजार, धार्मिक स्थळं अशा सार्वजनिक जागा तपासल्या गेल्या आणि ग्रामस्थांना त्यांचं मत विचारलं गेलं. निकाल लागला आणि थोड्याच दिवसांत साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले. बीडकडच्या आणि जतसारख्या दुष्काळी तालुक्यांतल्या ऊसतोड टोळ्या दरवर्षीप्रमाणे कृष्णाकाठी उतरल्या. ओढ्याच्या कडेला, उसाच्या बांधाला, कारखान्यांनी नेमून दिलेल्या तळांवर त्यांच्या कोप्या उभ्या राहिल्या. अशा बहुतेक तळांवर संडास नसतो, न्हाणी नसते आणि पिण्याच्या पाण्याचा भरवसा नसतो. ऑगस्टमध्ये ही माणसं इथं नव्हतीच. त्यामुळे ती कोणत्याच तक्त्यात आली नाहीत, आणि ती आली नाहीत हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांनी ग्रामस्वच्छतेत महाराष्ट्राला वाट दाखवली, हे मी मनापासून मानतो. पण या सगळ्या कामामागे एक समजूत घट्ट बसलेली आहे आणि ती तपासून पाहायची वेळ आली आहे. घाण अडाणीपणातून येते, म्हणून अडाणी माणसाला शहाणं करा, की गाव आपोआप निरोगी होईल, अशी ती समजूत. माझं म्हणणं वेगळं आहे. गरिबाला ज्ञानाची उणीव फार थोडी असते. त्याला पाणी, जागा आणि गावाच्या निर्णयात स्थान या गोष्टी मिळत नाहीत. रोग सगळ्यांचा सामाईक असल्यामुळे, ज्या वस्तीला आपण मोजणीतून वगळतो तिच्याच मापानं अख्ख्या गावाचं आरोग्य ठरतं. आरोग्यशिक्षणाची सुरुवात म्हणूनच त्या वस्तीपासून व्हायला हवी.

आधी जे चांगलं झालं त्याचा हिशोब नीट मांडायला हवा. तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना, २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. सरकारी योजना म्हटली की अनुदान, अर्ज, हेलपाटे आणि अर्धवट बांधकामं असा लोकांचा अनुभव होता. या अभियानानं ती रीत मोडली. पैसे आधी द्यायचे नाहीत, गावानं आपल्या हातांनी काम करायचं, मग बाहेरची समिती येऊन पाहील आणि चांगल्या गावाचा सत्कार होईल, इतका साधा हा व्यवहार होता. लोकांनी तो उचलून धरला. गटारं वाहती झाली, शोषखड्डे खणले गेले, उकिरडे वेशीबाहेर गेले. मंत्र्यांपासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांनी हातात खराटे घेतले. माणमधलं लोधवडे आणि कोरेगावातलं धामणेर यांच्यासारख्या लहान गावांचं नाव राज्यभर झालं. आपल्या गावाला बघायला परगावची माणसं येतात, हा मान पूर्वी फक्त यात्रेच्या गावांना मिळायचा.

हे इथं घडलं, त्यालाही कारण होतं. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच पट्ट्यात चाललं. आजच्या सांगलीचा बराचसा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. त्या काळात गावांनी आपले निवाडे आपणच केले, दारू बंद केली, साधी लग्नं लावली. चावडीवर एकत्र बसून नियम करायचा आणि तो पाळायचा, ही सवय इथल्या मातीत तेव्हापासून मुरलेली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या वसतिगृहांत सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसली, आणि झाडलोट, स्वयंपाक, शेतकाम त्यांनी आपल्या हातांनी केलं. भाऊराव आणि गाडगेबाबा यांचं एकमेकांशी किती जुळलेलं होतं, याची खूण म्हणजे कऱ्हाडला १९५४ मध्ये निघालेलं सद्‌गुरू गाडगे महाराज महाविद्यालय.

गाडगेबाबांची शिकवायची पद्धत तर आजही प्रत्येक आरोग्य कार्यकर्त्यानं अभ्यासावी अशी आहे. ते गावात शिरले की आधी झाडू हातात घेत. दिवसभर गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनातही ते सांगत कमी आणि विचारत जास्त. प्रश्न विचारायचा, समोरच्या शेतकऱ्याकडून उत्तर काढून घ्यायचं, मग त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न उभा करायचा. ज्या माणसानं दिवसभर आपल्या दारातला कचरा उचलला, तो रात्री स्वच्छतेवर बोलतो तेव्हा त्याचं ऐकावंच लागतं. त्यांनी उपदेश करण्याचा अधिकार आधी कष्टानं मिळवला होता. आज आपण बाबांचं नाव अभियानाला दिलं, त्यांचं चित्र भिंतीवर काढलं आणि त्यांची पद्धत मात्र बाजूला ठेवली. गाडीतून उतरून, लाऊडस्पीकरवरून, हात कसे धुवावेत हे सांगणाऱ्या माणसाला गावानं आधी विचारायला हवं, की आमच्या वस्तीत हात धुवायला पाणी कुठं आहे?

पाण्याचा प्रश्न ज्ञानाचा नाही, हे सातारा जिल्ह्यातल्याच एका प्रवासानं सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं आहे. १९०१ च्या सुमाराला लहानगे भीमराव आंबेडकर, त्यांचे भाऊ आणि भाचे साताऱ्याहून रेल्वेनं मसूर स्टेशनवर उतरले. वडील गोरेगावला नोकरीवर होते. पत्र न पोचल्यामुळे न्यायला कुणी आलेलं नव्हतं. ही मुलं महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर दूर सरला. गाडीवान दुप्पट भाडं घेऊनही त्यांच्यासोबत गाडीत बसेना, गाडी मुलांनीच हाकली. डबा सोबत होता पण पाणी नव्हतं, आणि रात्रभर त्यांना कुणी पाणी दिलं नाही. वाटेत जे पाणी दिसलं, ते चिखलाचं आणि जनावरांच्या शेणामुतानं भरलेलं होतं. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत हे सविस्तर लिहिलं आहे. स्वच्छ पाणी कोणतं आणि घाण कोणतं, हे त्या नीटनेटके कपडे घातलेल्या, शाळेत जाणाऱ्या मुलांना कुणी शिकवायला हवं होतं का? त्यांना सगळं समजत होतं. त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये गाव उभं होतं. आरोग्यशिक्षणाचा कोणताही कार्यक्रम आखताना हा प्रसंग डोळ्यासमोर ठेवावा, कारण लोक अस्वच्छ का राहतात या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

उरलेलं अर्धं उत्तर संडासाच्या खड्ड्यात सापडतं. शासन ज्या संडासाला १२,००० रुपये देतं, तो दोन शोषखड्ड्यांचा असतो. प्रत्येक खड्डा साधारण मीटरभर रुंद आणि मीटर-सव्वा मीटर खोल. विटांमध्ये फटी ठेवून जाळीचं बांधकाम करायचं, तळ मातीचाच ठेवायचा. पाणी आणि वायू मातीत मुरतात, म्हणून वायुनळीची गरज नसते. भांडं जास्त उताराचं असल्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. पाच-सहा माणसांच्या घराला एक खड्डा काही वर्षं सहज पुरतो. तो भरला की मधल्या चेंबरमधली वाट बदलायची आणि दुसरा खड्डा सुरू करायचा. पहिला वर्ष-दीड वर्ष झाकून ठेवला की आत कोरडं, वास नसलेलं खत तयार होतं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी आणि पुढे देहूला डॉ. मापुसकरांनी, मैल्याचं खत करून माणसाच्या डोक्यावरची पाटी उतरवण्यासाठी आयुष्य खर्च केलं. या खड्ड्यांमागे ती सगळी साधना आहे.

आणि तरीही गावात जाऊन पाहिलं तर दोन खड्ड्यांच्या जागी दहा-बारा फूट खोल एकच खड्डा किंवा सिमेंटची बंद टाकी दिसते. लोक म्हणतात, "लहान खड्डा लगेच भरंल, मग उपसायचा कुणी?" या प्रश्नात जात बोलते आहे. खड्डा उपसणं हे अमुक जातीचं काम, आणि आता ती माणसं येत नाहीत, ही भीती त्या दहा फुटांच्या खोलीत गाडलेली असते. भूगर्भातल्या पाण्याच्या जवळ गेलेला तो खोल खड्डा शेजारच्या विहिरीला आणि बोअरला धोका करतो, हे कुणी समजावून सांगत नाही. भिंतींवरचे फलक म्हणतात, संडास बांधा. बांधल्यानंतर पाच वर्षांनी खड्डा उघडायचा, त्यातलं खत स्वतःच्या हातानं शेतात टाकायचं आणि त्यानं कुणी बाटत नाही, हे सांगायला आणि करून दाखवायला कुणी येत नाही. गाडगेबाबा असते तर त्यांनी पहिला खड्डा स्वतः उघडला असता. जिथं खरोखर शिकवायची गरज आहे, तिथं आपण गप्प बसतो. जिथं सोय करायची गरज आहे, तिथं शिकवत बसतो.

संडासात एका खेपेला लागणारं दीड-दोन लिटर पाणी थोडंच वाटतं. घरात सहा माणसं धरा, दिवसातून काही खेपा धरा, हात-पाय धुणं धरा, म्हणजे दोन-तीन घागरी नुसत्या संडासाला लागतात. जतच्या पूर्व भागात, आटपाडीत, माणमध्ये उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला हा हिशोब करावाच लागतो. ती आधी प्यायचं पाणी भरते, मग जनावरांचं, मग स्वयंपाकाचं. संडासाचा नंबर शेवटी लागतो आणि पुष्कळदा लागतच नाही. मग त्या खोलीत सरपण आणि गोवऱ्या भरल्या जातात, आणि पाहणीला आलेला अधिकारी नोंद करतो, की लोकांना सवय नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी दुष्काळी भागाला थोडा श्वास दिला, पण शेतापर्यंत आलेलं पाणी वस्तीच्या रांजणापर्यंत पोचणं ही निराळी लढाई आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो खोटा नाही. घरी पाणी आहे, संडास आहे, तरी बाहेर जाणारी माणसं आहेत, त्यांचं काय करायचं? कडक झाल्याशिवाय ती सुधारत नाहीत, असं पुष्कळ कार्यकर्तेही म्हणतात. याच विचारातून गुड मॉर्निंग पथकं निघाली. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला गाठायचं, गुलाबाचं फूल द्यायचं, दंड करायचा, फोटो काढायचा. आकडे वाढले हे खरं. पण पथकाच्या हाती कोण लागलं ते पाहावं. ज्यांच्याकडे बांधायला जागा नाही ते, भाड्याच्या खोलीत राहणारे, गावठाणाबाहेरच्या वस्तीतले, आणि अंधाराच्या आधारानं जाणाऱ्या बाया. परड्यात प्रशस्त जागा असून सवयीनं शेतात जाणारा बागायतदार आपल्या मोटरसायकलवरून आपल्याच शेतात जातो, त्याला पथक कुठं गाठणार?

सार्वजनिक आरोग्याच्या या दोन रीती आपल्याला जुन्या काळापासून ठाऊक आहेत. १८९७ च्या प्लेगात पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अधिकाराखाली गोरे सोल्जर घरात घुसले, देवघरापर्यंत गेले, माणसांना ओढून छावणीत नेलं. रोगाला आळा घालायचा हेतू योग्य होता, पण लोक रोगापेक्षा पथकालाच जास्त भ्याले आणि रोगी लपवू लागले. त्याच शहरात, त्याच महिन्यांत, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या लेकीनं, सावित्रीबाई फुल्यांनी, मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात प्लेगचे रोगी आणवले. त्यांची शुश्रूषा करतानाच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. धाकानं रोगी लपतो, आणि आपलेपणानं तो दवाखान्यात येतो. लाजवून बांधलेला संडास पथक असेपर्यंतच वापरला जातो.

धाक उपयोगी पडत नाही आणि वगळणं महाग पडतं, याला शास्त्राचाही आधार आहे. हगवण, कावीळ, जंत हे रोग मैल्यातून माश्या, हात, पाणी, माती आणि अन्न यांच्या वाटेनं दुसऱ्याच्या तोंडात जातात. या वाटा गावाच्या सीमा जाणत नाहीत. अहमदनगर जिल्ह्यात २००४ च्या सुमाराला निवडक गावांमध्ये संपूर्ण स्वच्छतेचा जोरकस प्रयोग झाला. गाव एकत्र बसवून, गावानंच निर्णय करावा अशी त्याची रीत होती. पुढे मोजमाप केलं तेव्हा त्या गावांतल्या लहान मुलांची उंची इतर गावांतल्या मुलांपेक्षा सरासरीनं अधिक निघाली. ओडिशात झालेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात संडास असलेली घरं ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेली, तरी मुलांची हगवण कमी झाली नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षानं पुष्कळांना धक्का बसला. पण त्यात नवल काय? शंभरातली सदतीस घरं बाकी होती, आणि ज्यांच्याकडे संडास होते त्यांतलेही सगळे ते वापरत नव्हते. माशीला एवढं पुष्कळ झालं. बहुसंख्यांनी स्वच्छ राहून उरलेल्यांना वाऱ्यावर सोडलं, तर ते बहुसंख्यही सुरक्षित राहत नाहीत.

आता पुन्हा उसाच्या फडाकडे येऊ, कारण या सगळ्या चर्चेची कसोटी तिथं आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेऊन ती दिवाळीच्या आगेमागे निघते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जाते. बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकरी थापते, पाणी आणते. उजाडायच्या आत तोड सुरू होते. ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. या दिवसात तिला आडोसा मिळतो तो उसाचाच. आणि तो ऊस तर ती स्वतःच तोडत असते. फड मोकळा होत जातो तसतशी तिला लांब जावं लागतं. म्हणून ती दिवसभर पाणी कमी पिते. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला जागा नाही, धुवायला पाणी नाही, वाळवायला दोरी नाही. जळजळ होते, अंगावर जातं, ताप येतो. दवाखान्यात गेली तर खाडा लागतो आणि त्या दिवसाचे पैसे उचलीतून वळते होतात. दुखणं वाढत जातं आणि एक दिवस कुणीतरी पिशवी काढून टाकायचा सल्ला देतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये मोठी चर्चा झाली, शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. चर्चा बीडची झाली. पण त्या बायकांच्या आयुष्यातले पाच-सहा महिने ज्या शिवारांत जातात, त्यांत कृष्णाकाठची आपली शिवारंही येतात.

ही माणसं कुणाची, हा प्रश्न निघाला की प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं. ग्रामपंचायत म्हणते, ती आमची रहिवासी नाहीत. कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी आहे. शेतकरी म्हणतो, टोळी मला कारखान्यानं दिली. मुकादम म्हणतो, मी फक्त माणसं आणली. त्यांच्या मूळ गावची आशाताई म्हणते, ती तर इथं नाहीत. शासनानं ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथराव मुंडे यांच्या नावानं महामंडळ काढलं, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरवलं. पाऊल योग्य होतं. पण तळावर आज संध्याकाळी नळ कोण देणार, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर तहानलं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं, तीनशेहून अधिक किलोमीटरवर, आपण पाणी पोचवलं. मनात आलं की आपल्याला हे जमतं. मग कालव्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या तळावर स्वच्छ पाणी का पोचत नाही? तिथं राहणाऱ्यांना आपण गावात मोजत नाही, एवढंच त्याचं कारण आहे.

सोय झाल्यावर शिक्षणाचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि तिथं शिकवण्यासारखं खूप आहे. मात्र ते कसं शिकवायचं, हे बांगलादेशाकडून घ्यावं. तिथल्या ब्रॅक या संस्थेनं १९८० ते १९९० या दहा वर्षांत घरोघर जाऊन मीठ-गुळाची किंवा मीठ-साखरेची जलसंजीवनी करायला आयांना शिकवलं. सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली. शिकवणाऱ्या बाईचा मोबदला ती किती घरी गेली यावर ठरत नसे. काही दिवसांनी दुसरा माणूस जाऊन त्या आईला पाणी करून दाखवायला सांगे, आणि तिला किती नीट जमलं त्यावर शिकवणारीचे पैसे ठरत. आपल्याकडे मेळाव्याला किती जण आले याची नोंद होते, फोटो जोडला जातो आणि आरोग्यशिक्षण झालं असं समजलं जातं. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरातल्या आईला आणि तिच्या सासूलाही बिनचूक जमतं का, हे पाहणारा कागद आपल्या तक्त्यांत नाही.

तीच गोष्ट पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरची. हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम पावडर पुरते. ती थेट टाकीत टाकायची नसते. बादलीत कालवून, निवळू देऊन, वरचं निवळलेलं पाणी टाकीत ओतायचं आणि अर्धा-एक तास थांबून मगच पाणी सोडायचं. पावडर उघडी किंवा उन्हात राहिली तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि मागं नुसता चुना उरतो. शेवटच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकून पिवळा रंग आला, तर पाणी सुरक्षित. हे काम शिपायानं एकट्यानं करायचं नसून चौकात, मुलांच्या आणि बायकांच्या समोर करायचं असतं. म्हणजे पुढच्या वेळी रंग आला नाही तर चौथीतला पोरगासुद्धा विचारील, "आज पिवळं का नाही झालं?" गावाच्या पाण्याला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. पण ते कार्ड कुठं लावलं आहे, हे गावातल्या किती जणांना ठाऊक असतं?

हे शिकवणार कोण, हे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून दाखवून दिलं. गावानं निवडलेली, बहुतेक दलित आणि निरक्षर बाईच त्यांनी आरोग्य कार्यकर्ती केली. ज्या बाईला आडावर पाणी भरू दिलं जात नव्हतं, तिच्याकडेच पुढे बाळंतपणासाठी सगळं गाव येऊ लागलं. आरोग्याबरोबर तिथं प्रतिष्ठेचाही प्रश्न सुटत गेला. आशाताई ही त्याच विचाराची शासकीय आवृत्ती आहे. पण तिच्यावर इतकी कामं टाकली आणि कामागणिक इतका तुटपुंजा मोबदला ठेवला, की शिकवायला तिच्याकडे वेळच उरत नाही. मिरजेत १८९४ पासून मिशन हॉस्पिटल आहे, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कर्नाटकातूनही तिथं रोगी येतात. दुखणं बरं करायला आपण एवढं मोठं शहर उभं केलं. दुखणं येऊच नये म्हणून दारोदार फिरणाऱ्या बाईला मात्र पगारासाठी रस्त्यावर बसावं लागतं.

मग करायचं काय? साखर आयुक्त कारखान्याला गाळप परवाना देतात आणि उसाचा ठरलेला किमान दर, म्हणजे एफआरपी, थकवली तर परवाना अडवतात. त्याच परवान्याला आणखी एक अट जोडा. टोळ्या उतरायच्या आत तळावर तपासलेलं पाणी, कोयत्यांच्या संख्येच्या प्रमाणात संडास आणि बायकांसाठी न्हाणी उभी असली पाहिजे. हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. माउलींची पालखी लोणंद, फलटणमार्गे सातारा जिल्ह्यातून जाते तेव्हा निर्मल वारीसाठी शेकड्यांनी फिरते संडास उभे राहतात, त्यांना पाणी मिळतं आणि ते उपसलेही जातात. लाखो वारकऱ्यांसाठी चार दिवस जमतं, तर तळावरच्या काही कुटुंबांसाठी पाच महिने का जमू नये? ग्रामपंचायतीनं हंगामापुरती या कुटुंबांची नोंद करावी, तळाच्या पाण्याचा नमुना गावाच्या नमुन्यांसोबत पाठवावा. आरोग्य-पोषण-पाणी-स्वच्छता समितीला दरवर्षी मिळणाऱ्या निधीतला वाटा तिथं खर्च करावा. तळावरच्या फेऱ्यांसाठी आशाताईला वेगळा मोबदला मिळावा. प्रत्येक टोळीतली एक बाई जामखेडच्या रीतीनं तयार करावी, तिच्याकडे औषधांची पेटी द्यावी आणि त्या कामासाठी तिला खाडा लागू नये. स्वच्छतेची पाहणी जानेवारीतही व्हावी आणि तळ मोजल्याशिवाय कोणत्याही गावाला पुरस्कार मिळू नये.

सगळं वरून येईपर्यंत थांबायचं कारण नाही. साताऱ्या-सांगलीतल्या हजारो घरांचं उत्पन्न उसावर आहे आणि हा लेख वाचणाऱ्यांतही ऊसवाले असतील. आपल्या उसाला तोड आली की आपल्या मोटारीची एक तोटी टोळीसाठी चालू ठेवणं, बांधाला चार बांबू आणि पत्रे उभे करून बायकांना आडोसा करून देणं, त्यांच्या लेकरांची नावं अंगणवाडीत नेऊन सांगणं, याला ठराव लागत नाही की अनुदान लागत नाही. आपल्या बापजाद्यांनी चावडीवर बसून याहून अवघड नियम केले आणि पाळले. कारखाना सुरू व्हायच्या आधीच्या ग्रामसभेत एकानं उठून एवढंच विचारावं, की यंदा आपल्या शिवारात किती कोयते येणार आणि ती माणसं पाणी कुठलं पिणार. उत्तर मिळाल्याशिवाय सभा उठू देऊ नये.